कप्तानाचं जाकीट

"चला, निघा. वॉरंट हाय तुमच्या नावाचं."

दुकानाच्या पायरीवर बूट आपटून तो आधी हे वाक्य म्हणायचा आणि मग नमस्कार करायचा. गुन्हा काय, असं कुणी विचारलं की कपाळाला आठ्या घालून "शेजाऱ्याशी गोड बोलला," नाहीतर "जेवताना हसला," असलं काहीतरी कलम सांगायचा. अंगात खाकी सदरा, कमरेला रुंद पट्टा, ओठांवर काजळानं जाड केलेल्या मिशा. नवं गिऱ्हाईक असलं तर ते खरंच दचकायचं. त्याचा चेहरा पुरता उतरला की हा डोळे बारीक करून हसायचा आणि मग सगळं दुकान हसायचं.

तुमच्याही गावात असा बहुरूपी सुगीच्या दिवसांत येऊन गेला असेल. तुम्ही त्याला पसाभर धान्य घातलं असेल आणि तो वाडीच्या वळणाला दिसेनासा झाला की विसरलाही असाल. मीही विसरलो असतो. पण नगरच्या जुन्या बाजाराजवळ माझं शिवणाचं दुकान होतं आणि सोंगाचे कपडे तो माझ्याकडे शिवायचा. मशीन माझं, हात त्याचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो दुसऱ्या मशीनवर बसे आणि बदल्यात माझी काजंबटणं करून देई. त्याचं बिऱ्हाड केडगावच्या अलीकडे माळावर पालात होतं. बायको गोधड्या शिवायची.

त्याच्या धंद्याबद्दल तो फार बोलायचा नाही. एकदाच सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला होता, "मास्तर, आदी मानसाला भ्या वाटलं पायजे. मग हसू. दोन्हीच्या मधी टाइम जास्त गेला की मार बसतो."

"बसलाय का कधी?"

"लई," तो म्हणाला आणि दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.

बांगलादेशची लढाई संपून काही महिने झाले होते. आमच्या शेजारच्या न्हाव्यानं भिंतीवर, आरशाच्या बाजूला, रविवारच्या पेपरातली एक चित्रकथा डकवायला सुरुवात केली होती. तिच्यात एक विमानवाला कप्तान होता. उंच, रुंद खांद्यांचा, कपाळावर चढवलेला गॉगल, आणि अंगात कमरेपर्यंतचं निळं जाकीट. जाकिटाला लोकरीची कॉलर, खांद्यावर तांबड्या पट्ट्या, पुढे पितळी बटणांच्या दोन ओळी. शाळा सुटली की पोरं त्या भिंतीपुढे गर्दी करायची. न्हावी वैतागायचा, पण चित्रं काढायचा नाही.

हा एक दिवस त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला. मग मला हाताला धरून तिथं घेऊन गेला. त्याला वाचता येत नव्हतं.

"ह्यो करतो काय, मास्तर?"

"अडकलेल्या लोकांना सोडवतो. पुरात, आगीत, दरोडेखोरांच्या तावडीत."

"मग?"

"मग पुढच्या रविवारी दुसऱ्यांना सोडवतो."

तो पोट धरून हसला. दुकानात आल्यावर म्हणाला, "पोरं आता पोलिसाला हसत न्हाईत. पोलीस त्यांनी रोज बगितलेला हाय. ह्यो त्यांनी नुसता चित्रात बगितलाय. ह्यो जर खरा दारात हुबा ऱ्हायला तर?"

त्या दिवसापासून तो जुन्या बाजारात हिंडू लागला. नगरच्या बाजारात लष्कराचा टाकाऊ माल नेहमीच असे, आणि लढाईनंतर तर ढीग लागले होते. पट्टे, बूट, पाण्याच्या बाटल्या, कांबळी, कोट. त्यातून त्यानं एक जाड लोकरीचा लांब कोट उचलला. दुकानात आणून फळीवर पसरला तेव्हा आतल्या बाजूला कॉलरखाली शाईनं लिहिलेला एक नंबर दिसला. डाव्या कुशीवर एक भोक होतं, कडा काळवंडलेल्या. आम्ही दोघांनी ते पाहिलं. कसलं भोक, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. "हितं खिसा घिऊ," एवढंच म्हणाला. चित्रातल्या कप्तानाला त्या जागी खिसा नव्हता.

कोट कमरेवर कापला. खालच्या कापडातून खांदे रुंद करायला आत घड्या घातल्या, कारण हा अंगानं काटकुळा आणि उंचीनं माझ्याहून चार बोटं कमीच होता. निळ्या रंगाची पुडी आणून त्याच्या बायकोनं पत्र्याच्या डब्यात ते उकळलं. खाकीवर निळा चढेना, शेवटी काळपट जांभळासारखा कसला तरी रंग आला. "रातच्या विमानाला बरा," तो म्हणाला. कॉलरसाठी ओळखीच्या धनगराकडून मेंढीच्या कातड्याची पट्टी आणली. ती दोन दिवस उन्हात टाकली तरी वास गेला नाही. पितळी बटणं आणि खांद्याच्या तांबड्या पट्ट्या एका बँडवाल्याच्या फाटक्या गणवेशाच्या. आतलं अस्तर बायकोच्या जुन्या लुगड्याचं. गॉगल कुण्या मोटारसायकलवाल्यानं टाकून दिलेला, एका काचेला तडा गेलेला.

जाकीट पुरं झालं तेव्हा त्यानं ते घातलं, गॉगल कपाळावर चढवला आणि माझ्या आरशापुढे उभा राहिला. मी इतके दिवस ते तुकडे हाताळत होतो. कुठलं कापड कुठून आलं, कुठं टाका चुकला, सगळं मला ठाऊक होतं. तरी मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

त्या उन्हाळ्यात नगरच्या पेठांतून तो फिरला तेव्हा पोरं त्याच्यामागं सावेडीच्या रस्त्यापर्यंत जायची. तो तोंडानं विमानाचा आवाज काढायचा, हात कानाशी नेऊन "ओव्हर, ओव्हर" म्हणायचा, गच्चीवरच्या बायकांना "घाबरू नका, उडी टाका" असं ओरडायचा. ते चार महिने त्याचे बरे गेले.

मग पाऊस आला नाही.

त्याच्या आदल्या सालीही धड आला नव्हता. आता मात्र आलाच नाही. दिवाळीच्या सुमाराला विहिरी तळाला गेल्या, जनावरं कवडीमोलानं गेली, लग्नं पुढे ढकलली गेली. कपडे कोण शिवणार? जुन्या बाजारातसुद्धा माल येईना, कारण टाकण्याजोगा कपडा लोक आता अंगावर घालत होते. मी दुकानाला कुलूप लावलं आणि पारनेरकडच्या आमच्या गावी, भावाकडे गेलो. तिथं पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. आयुष्यभर कात्री धरलेल्या हातात मी घमेलं घेतलं.

काम असं होतं. ओढ्याच्या एका अंगाला मुरमाचा उंच कडा होता. त्याच्या पायथ्याचा मुरूम खणायचा आणि घमेल्यांनी बांधावर नेऊन टाकायचा. खालचा मुरूम मऊ, भराभर निघे, म्हणून मुकादम माणसं तिथंच लावे. खणता खणता कडा खालून पोकळ होत गेला आणि वरची दरड बाहेर लोंबू लागली. तिला भेग पडली होती. सकाळी कामाला लागताना प्रत्येक जण आधी वर बघायचा. मुकादमाला सांगून झालं होतं. तो म्हणायचा, "साहेब आल्यावर बघू. मला हुकूम न्हाई." साहेब काही येत नव्हते.

एके दुपारी आम्ही कामावर वाटलेली सुकडी खायला बसलो होतो. सडकेच्या बाजूनं एक माणूस येताना दिसला. ताठ चाल, पायात बूट, काळपट जांभळं जाकीट, उन्हात चमकणारी बटणं, डोळ्यांवर गॉगल. मुकादम तोंडातला घास तसाच ठेवून उठला. त्याचं बघून सगळे उठले. मी ओळखलं होतं. शहरात आता कुणी पसा घालत नव्हतं, म्हणून तो माणसं जिथं गोळा झाली होती तिथं, कामावर आला होता.

पण ह्या माणसांनी न्हाव्याची भिंत बघितलेली नव्हती. त्यांना कप्तान ठाऊक नव्हता. त्यांना साहेब दिसला.

तो जवळ आला. मुकादमानं सलाम ठोकला. मी त्याचा चेहरा बघत होतो. भीती वाटून झाली होती, आता हसायचं होतं. त्याच्या ओठाचा कोपरा हललाही. तेवढ्यात हौसाबाई पुढे झाली. हौसाबाई म्हणजे आमच्या आळीतल्या लिंबाजीची बायको. चाळिशीची असेल, कधी कुणापुढे बोलणारी नव्हे. तिनं सरळ त्याचा हात धरला.

"सायेब, एवढी वर नजर टाका. दरड कवा खाली यील त्याचा नेम न्हाई. आमी रोज देवाचं नाव घिऊन खाली वाकतो. आमच्या मागं लेकरं हायती, सायेब."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वर, भेगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी काही बोललो नाही. त्या दरडीखाली मीही खणत होतो. आणखी एक बाई पुढे आली, मग एक म्हातारा आला. सगळे तेच सांगत होते आणि तो मान हलवत होता. हसायची वेळ निघून गेली. ती गेलेली मला दिसली, त्यालाही दिसली असणार.

"मुकादम," तो म्हणाला. पोलिसाचं सोंग करतानाचा आवाज नव्हता तो. हळू आणि जड होता. "इथलं काम बंद. एक माणूस ह्या कड्याखाली दिसला नाही पाहिजे. त्या अंगाला घ्या."

"साहेब, तिकडं खडक लागतो."

"लागू द्या."

"व्हय, साहेब."

आणि तो आला तसा ताठ चालत निघून गेला. कुणाकडे काही मागितलं नाही.

काम सुटल्यावर मी त्याच्या वाटेनं गेलो. ओढ्याच्या वळणाला, बाभळीखाली तो बसला होता. जाकीट काढून मांडीवर घेतलं होतं. घामानं सदरा भिजला होता.

"कुनीच हसलं न्हाई, मास्तर."

"तू सांगितलंच नाहीस."

"सांगनार हुतो. तिनं हात धरला." तो आपला हात उलटा-सुलटा करून बघत होता. "पैल्यांदाच असं. लोक भित्यात, हसत्यात, शिव्या देत्यात. असा हात कुनी धरला नव्हता."

"कळलं तर पकडतील."

"कळनारच की," तो म्हणाला. मी त्याला माझ्या वाटची सुकडी दिली. त्यानं ती तिथं खाल्ली नाही, बायकोसाठी फडक्यात बांधली.

पुढचा जवळजवळ आठवडा आम्ही खडकात खणलं. हाताला फोड आले, मापं कमी भरली, पण वर बघावं लागत नव्हतं. बायका काम करताना बोलू लागल्या होत्या. हौसाबाईला सगळे चिडवायचे, "सायेबाचा हात धरला बाई हिनं," आणि ती पदर तोंडाला लावायची.

मग खरा इंजिनिअर जीपमधून आला. साध्या पांढऱ्या शर्टातला, घाईत असलेला तरुण माणूस. काम कड्याखालून का हलवलं, असं त्यानं विचारलं. मुकादम म्हणाला, साहेबांनी सांगितलं. कुठल्या साहेबांनी? मुकादमानं जाकिटाचं वर्णन केलं. इंजिनिअरबरोबर नगरचा एक शिपाई होता. तो ते ऐकता ऐकताच हसायला लागला. नगरात ते जाकीट कुणाला ठाऊक नव्हतं?

इंजिनिअर हसला नाही. काम मागं पडलं होतं, त्याला वरून विचारणा होत होती. कड्याकडे त्यानं बघितलं, लांबूनच, आणि म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत काही होत नाही याला." दुसऱ्या दिवशी आम्ही परत दरडीखाली उभे राहिलो. तो साहेब नव्हता, बहुरूपी होता, हे मुकादमानं गावात कुणाला सांगितलं नाही. त्यानं बहुरूप्याला सलाम ठोकला होता. मीही सांगितलं नाही. लोकांनी आपल्याआपण समजून घेतलं की वरच्या साहेबानं खालच्या साहेबाचा हुकूम फिरवला. असं होतच असतं.

बहुरूप्याला बाजाराच्या दिवशी धरलं. जाकीट अंगातच होतं. ते मुद्देमाल म्हणून काढून घेतलं आणि त्याला आत घातलं. हे मला त्याच्या बायकोनं निरोप पाठवून कळवलं. मी भेटायला गेलो तेव्हा भेटू दिलं नाही.

तो आत असतानाच एका सकाळी दरड आली. मी बांधावर घमेलं रिकामं करत होतो. मोठा आवाज झाला नाही. पोतं टाकल्यासारखा एक दबका आवाज आला आणि धूळ उठली. आम्ही हातांनी उकरलं, फावडं मारायची भीती वाटत होती. एका माणसाचा पाय तुटला, तो वाचला. हौसाबाई सगळ्यात आत होती. तिला बाहेर काढलं तेव्हा लिंबाजीनं तिच्या तोंडातली माती बोटानं काढली, एखाद्या लहान मुलाच्या तोंडातून काढावी तशी, आणि तो काढतच राहिला. शेवटी माझ्या भावानं त्याचा हात धरला.

त्या दिवशी काम बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी खडकाच्या बाजूला सुरू झालं.

तो सुटला तो उन्हाळ्याच्या शेवटी. पत्ता विचारत आमच्या गावात आला. गॉगल नाही, बूट नाही, मिशा उतरवलेल्या. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. भावाच्या ओट्यावर बसला आणि पाणी प्याला.

"काम हाय का अजून तिकडंच, दुसऱ्या अंगाला?" त्यानं विचारलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आत त्याला वाटत होतं की आपल्याला धरलं असलं तरी काम हललेलंच असेल.

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

"कोन बाई?"

"तुझा हात धरला होता ती."

तो ओट्याच्या कडेवर बोटं फिरवत बसला. मग म्हणाला, "तिचं घर दावा."

लिंबाजी अंगणात सुंभ वळत बसला होता. मी नुसतं म्हटलं, नगरचे पाहुणे आहेत, भेटायला आलेत. बहुरूपी त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"कामावर एक सायेब आला हुता," तो म्हणाला. "काम हलवलं हुतं त्यानं."

"व्हय." लिंबाजीचे हात थांबले. "माझ्या बायकूनं सांगितलं त्याला. तिचं ऐकलं त्यानं."

"त्यो मी हुतो."

लिंबाजीनं त्याच्याकडे नीट बघितलं. पायापासून वर बघत गेला. फाटका सदरा, काटकुळे हात, ताठलेली बोटं.

"न्हाई," तो म्हणाला. रागानं नाही, समजूत घातल्यासारखं म्हणाला. "त्यो उंच हुता. ह्या दारात वाकल्याबिगर मावला नसता."

"मी बहुरूपी हाय, दादा. सोंग हुतं ते. मी सायेब नव्हतो. पुन्हा यिऊन बघायला पायजे हुतं मी, पन मला धरलं."

"तुमी कुनीतरी दुसऱ्याचं सांगताय." लिंबाजीनं सुंभ परत हातात घेतला. "त्याची बदली केली. चांगल्या मानसाला ठिवत न्हाईत एका जागी. त्यो असता तर ही गेली नसती."

बहुरूप्यानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार होतो. त्यानं मान हलवून नको म्हटलं.

"तुमी बगितलं हुतं का त्याला?" लिंबाजीनं विचारलं.

"एकदा," तो म्हणाला. "लांबनं."

"मग तुमाला कळंल. चेहरा कसा हुता, न्हाई? शांत."

"व्हय," तो म्हणाला.

लिंबाजीनं आत हाक मारून त्याच्यासाठी मिलोची भाकरी आणवली. तो नको नको म्हणत होता, पण लिंबाजी ऐकेना. बायकोचं नाव काढून कुणीतरी आलं होतं, त्याला उपाशी कसं लावायचं. लाल ज्वारीची ती भाकरी त्यानं तिथं बसून, एक तुकडाही न टाकता खाल्ली. वळत नसलेल्या बोटांमुळे त्याला वेळ लागत होता. लिंबाजी तोवर साहेबाबद्दल बोलत राहिला आणि तो ऐकत राहिला.

वेशीपर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. पुढच्या पावसाळ्यानंतर मी नगरला परतलो आणि दुकान उघडलं, तेव्हा केडगावच्या माळावर पाल नव्हतं. चुलीचे तीन दगड तेवढे काळे पडलेले होते. कुणी म्हणालं श्रीरामपूरकडे उसाच्या तोडीवर गेले, कुणी म्हणालं त्याला कावीळ झाली होती. सोंग घेऊन तो पुन्हा कुणाच्या दारात दिसला नाही.

लिंबाजी त्यानंतर बरीच वर्षं जगला. पुढे गावात कुठल्याही कामावर नवा साहेब आला की तो काठी टेकत जायचा, नमस्कार करायचा आणि विचारायचा, "आमचे ते पयले सायेब आता कुठं असत्यात?" नव्या साहेबांना काही सांगता येत नसे. मग तो माझ्याकडे वळून बघायचा. आणि कुठं असतो तो, हे मलाही ठाऊक नव्हतं.